फायरवॉल बसवला, आणि तीन दिवस भलत्यालाच दोष देत बसले

जुना डेस्कटॉप पडून होता, त्यात दुसरं नेटवर्क कार्ड टाकलं आणि त्याचा फायरवॉल असलेला राउटर (येणाऱ्या-जाणाऱ्या डेटाची राखण करणारा) करायचा असं ठरवलं. हे ठरवायला पाच मिनिटं लागली, निस्तरायला पाच दिवस.

यासाठी पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स ही दोन सॉफ्टवेअर आहेत; कुठलं घ्यायचं यावर लोक तासन् तास भांडतात, मी त्यात पडणार नाही. दोन्ही एकाच घराण्यातले. २००३ साली मोनोवॉल आला, २००४ मध्ये त्यातून पीएफसेन्स फुटला, आणि २०१५ मध्ये पीएफसेन्समधून ओपीएनसेन्स. खाली दोन्हीकडे फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि पाकीट (डेटाचा तुकडा) अडवायचं खरं काम करणारा तिच्यातला भाग, पीएफ. मला ओपीएनसेन्सचा मेनू बरा वाटला म्हणून तो घेतला, एवढंच कारण.

पहिला पोपट लगेच झाला. पेनड्राइव्हवरून बूट केलं, रूट (मुख्य यूजर) म्हणून लॉगिन केलं, छान चालू झालं, दोन तास बसून सगळं सेट केलं, रीबूट केलं आणि सगळं गायब! कारण ते डिस्कवर गेलंच नव्हतं, पेनड्राइव्हवरूनच लाइव्ह चाललेलं. डिस्कवर टाकायचं असेल तर लॉगिनला रूट नाही, 'इन्स्टॉलर' असं नाव द्यायचं. स्क्रीनवर ते लिहिलेलं असतं हो, पण स्क्रीनवरचं वाचतं कोण.

मग वॅन (बाहेरच्या इंटरनेटची बाजू) कुठलं आणि लॅन (घरातल्या नेटवर्कची बाजू) कुठलं. फ्रीबीएसडी पोर्टला ड्रायव्हरवरून नावं देतं, ईएम०, आरई० वगैरे, डब्याच्या मागे उभं राहून त्यातून काही कळत नाही. कन्सोलवर (डब्याच्या स्वतःच्या स्क्रीनवरच्या मेनूत) १ नंबरचा पर्याय घ्यायचा, नाव विचारलं की 'ए' दाबायचं आणि केबल लावायची, जो पोर्ट जागा होतो तो त्याचा त्याला कळतो.

पुढचा घोळ बऱ्याच जणांचा होतो म्हणून नीट सांगते. ओपीएनसेन्सचा लॅनचा पत्ता मुळात १९२.१६८.१.१ असतो. माझ्या मोडेमचाही तोच. म्हणजे वॅनच्या बाजूलाही १९२.१६८.१ आणि लॅनच्या बाजूलाही १९२.१६८.१, बिचाऱ्या डब्याला कळणार कसं की पाकीट कुठल्या दाराने बाहेर काढायचं. कन्सोलवरून पर्याय २ घेऊन लॅन १९२.१६८.५०.१ केलं आणि नेट आलं. मोडेम ब्रिज मोडमध्ये (स्वतः राउटर न होता डेटा नुसता पुढे देणारा) टाकता आला तर उत्तम, म्हणजे नॅटवर नॅट (पत्त्यांची अदलाबदल दोनदा) होत नाही. जुना वायफाय राउटर फेकू नका, त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करा, पत्ता लॅनमधलाच पण वेगळा द्या आणि केबल त्याच्या वॅन पोर्टात न लावता लॅन पोर्टात लावा, झाला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे नुसतं वायफाय देणारा.

पाहुण्यांसाठी वेगळं व्हीलॅन (त्याच तारांवरचं वेगळं नेटवर्क) केलं तर त्यावर काहीच चालेना. नवीन इंटरफेसवर एकही नियम नसतो आणि नियम नाही म्हणजे सगळं बंद. लॅनवर 'सगळं जाऊ दे' हा नियम आधीपासून असतो म्हणून तिथे हे लक्षात येत नाही. नियम लावायचा तो पाकीट ज्या दाराने आत शिरतं त्या दारावर, आणि वरून खाली बघताना जो पहिला जुळेल तो लागू. म्हणून 'पाहुणे ते लॅन बंद' हा वर, 'बाकी सगळं चालू' हा खाली. मी तसं केलं तरी फोनवरून लॅनमधल्या प्रिंटरला पिंग (पोचतंय का बघायची हाक) जातच होतं, चिडून नियम चार वेळा पुसून परत लिहिला. नियम बरोबरच होता. पिंग आधीपासून चालू होतं, त्याचं स्टेट (चालू जोडणीची नोंद) तयार झालेलं, आणि तयार स्टेटला पीएफ परत नियम विचारत नाही. स्टेट रीसेट केली की लगेच बंद.

असो, आता मुख्य दुखणं.

सगळं चालू झालं, घरातले खूश. दुसऱ्या दिवशी डबा बंद करून वायर काढून दुसऱ्या कोपऱ्यात हलवला, चालू केला तर नेट बंद. १.१.१.१ या बाहेरच्या पत्त्याला पिंग जातंय, पण नावाने एकही साइट उघडत नाही. म्हणजे डीएनएस, नावावरून पत्ता शोधणारी व्यवस्था. अनबाऊंड (ओपीएनसेन्समधला डीएनएसचा प्रोग्राम) रीस्टार्ट केलं, काही नाही. फायरवॉलच डीएनएसचं ५३ पोर्ट अडवतोय असं वाटून लाइव्ह लॉग उघडून बसले, लाल-हिरव्या ओळी बघत. सगळं हिरवं, म्हणजे काहीच अडत नव्हतं! लॅपटॉपला हाताने बाहेरचा डीएनएस दिला तर सगळं चालतंय. दोन दिवस मी नियम बदलत होते, नंतर तर शेवटचा उपाय म्हणून पूर्ण नव्याने इन्स्टॉल केलं, तेव्हा बायोसने (मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्राम) तारीख चुकलीये म्हणून आधी ती विचारली, मी टाकली आणि विसरले. नेट चालू. रीबूट करून बघितलं, चालू. रात्री लाइट गेली, आली, बंद.

म्हणजे रीबूटला चालतं आणि वीज पूर्ण गेली की बंद. हे लक्षात आल्यावर तरी ट्यूब पेटायला हवी होती, नाही पेटली. अनबाऊंडच्या सेटिंगमध्ये मी हौसेने डीएनएससेकला (डीएनएसची उत्तरं खरी आहेत का ते सहीवरून तपासणं) टिक केलं होतं, दोन्ही वेळेला. ते सहज काढून बघितलं आणि नेट आलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. डीएनएससेकच्या सह्यांना 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. मदरबोर्डवरचा सेल मेलेला, त्यामुळे वीज गेली की घड्याळ १ जानेवारी २००९ वर. २००९ मध्ये बसलेल्या अनबाऊंडला आजच्या सह्या अजून सुरूच न झालेल्या दिसणार, तो प्रत्येक उत्तर खोटं म्हणून फेकून देणार. बरं, घड्याळ दुरुस्त करायला एनटीपी (नेटवरून बरोबर वेळ आणणारा) आहे, पण टाइम सर्व्हर दिलेत नावाने, आणि नाव शोधायला डीएनएस लागतो! वेळ नाही म्हणून नाव नाही, नाव नाही म्हणून वेळ नाही.

सीआर२०३२ सेल बदलला, बायोसमध्ये तारीख टाकली, डीएनएससेकची टिक परत लावली. त्यानंतर मुद्दाम तीनदा वायर उपटून बघितली, चालतंय.

वाईट याचं वाटतं की लाइव्ह लॉगच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तारीख असते. दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोर २००९ लिहिलेलं होतं आणि मी रंग बघत होते. त्या गडबडीत कॉन्फिगचा एक बॅकअपही उतरवून ठेवला होता, त्या फाईलच्या नावात तारीख आपोआप येते. तर माझ्याकडे आता ओपीएनसेन्सचा जन्म व्हायच्या सहा वर्षं आधीची ओपीएनसेन्सची बॅकअप फाईल आहे. डिलीट करणार नाहीये.