उजेड न देणारा दिवा

आमच्या डायनिंग टेबलावर एक दिवा लटकतो. मधाच्या रंगाच्या काचेचा, आकार म्हटला तर भोपळ्यासारखा आणि म्हटला तर पाणी भरून कोणीतरी अर्धवट दाबून सोडलेल्या फुग्यासारखा. तो लावला त्याच संध्याकाळी सासूबाई जेवायला बसल्या, ताटातल्या भाजीकडे बघितलं, मग वर बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे गं. आता दिवा लाव."

लावलेलाच होता.

त्यांची काही चूक नाही. आपल्याकडे दिव्याकडून एकच अपेक्षा, लख्ख उजेड पडला पाहिजे. माझ्या माहेरी दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीवर एक ट्यूब होती आणि तिच्याखाली अभ्यास, तांदूळ निवडणं, मुलगी बघण्याचा कार्यक्रम सगळं एकाच पांढऱ्या उजेडात पार पडायचं, कोणाच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते अगदी स्पष्ट दिसायचं आणि ते बरंही नव्हतं. त्यामुळे पैसे देऊन अंधुक दिवा आणायचा ही कल्पनाच आमच्या घराण्यात नवीन. नवऱ्याला मी किंमत चारच्या आसपास सांगितली. सहा हजार आठशे हे चारच्या आसपासच येतं, आपण कुठे उभं राहून बघतो त्यावर आहे.

खूळ डोक्यात शिरलं त्याला कारण मुरानो. दहा-बारा वर्षांपूर्वी युरोप टूरला गेलो होतो, व्हेनिसला आमच्या ग्रुपमधल्या काकूंनी बोटीत चकल्या काढल्या, त्या संपेपर्यंत मुरानो बेट आलं. गाईडने सांगितलं की १२९१ मध्ये व्हेनिस सरकारने काचेच्या सगळ्या भट्ट्या शहरातून उचलून या बेटावर नेल्या, कारण शहरात घरं लाकडाची आणि भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या. आगीची भीती हे खरं कारणच, पण बेटावर ठेवले की कारागीरही हाताशी राहतात आणि त्यांचं गुपितही, हा फायदा राज्यकर्त्यांच्या लक्षात आला नसेल असं वाटत नाही. पुढे तर परवानगीशिवाय देश सोडून गेलेल्या कारागिराला शिक्षा असायची. मानही मोठा आणि दोरीही आखूड.

मग आम्हाला एका भट्टीपाशी बाकांवर बसवलं. पोट सुटलेले, हाफ पँटमधले एक आजोबा आले, आमच्याकडे बघितलंही नाही. लांब लोखंडी नळी भट्टीत घातली, फिरवली, बाहेर काढली तर टोकाला लाल-केशरी गोळा, पाकातून गुलाबजाम काढल्यावर पाक ओघळतो ना तसा खाली ओघळायला लागलेला. म्हणून नळी सतत फिरवत राहायची, थांबलात की गोळा एका बाजूला गेला. त्यांनी नळीत एकदाच फुंकलं, गाल फार फुगवून वगैरे नाही, आपण गरम चहावर मारतो तेवढीच फुंकर, आणि गोळ्याच्या आत एक बुडबुडा उमलला. तो बुडबुडा म्हणजेच पुढे दिव्याची आतली पोकळी. एवढं साधं आहे हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं. मला वाटायचं काच कुठेतरी ओतत असतील. मग ओल्या कागदाच्या जाड घडीवर तो गोळा टेकवून गोल केला, कागदातून वाफ आणि जळकट वास, परत भट्टीत, परत फुंकर. शेवटी चिमट्याने उगाच पाच-सहा वेळा खेचून एक घोडाही करून दाखवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आमची रवानगी वरच्या मजल्यावर शोरूममध्ये झाली.

तिथली झुंबरं बघून मात्र बोलतीच बंद. अठराव्या शतकात जुझेप्पे ब्रियाती नावाच्या कारागिराने नावारूपाला आणलेली ही तऱ्हा, लोखंडी सांगाड्यावर काचेच्या नळ्या चढवायच्या आणि त्यांना काचेची पानं, फुलं, कळ्या लावत जायच्या, प्रत्येक पाकळी वेगळी केलेली. किंमत विचारली. विक्रेता हसला, मग आम्हीही हसलो आणि काकूंनी चाळीस युरोचा एक छोटा मासा घेतला. खरा मुरानोचा माल ओळखायला तिथल्या प्रांताच्या सरकारने १९९४ च्या कायद्याने एक शिक्का काढलाय, व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो. काकूंच्या माशावर तो नव्हता. मी काही बोलले नाही.

घरी येऊन हे सगळं मी सासूबाईंना अगदी रंगवून सांगितलं, लांब नळी, फुंकर, बुडबुडा. त्या म्हणाल्या, "म्हणजे फुंकणीच की."

खरंच की. चुलीत जाळ करायची ती फुंकणी आणि काच फुगवायची तीही फुंकणीच. आणि मग त्यांनी सुरू केलं ओगलेवाडीचं. त्यांचं माहेर कराडजवळचं, कराडचं रेल्वे स्टेशन ज्या ओगलेवाडीत आहे तिथे ओगले बंधूंनी १९१६ मध्ये काचेचा कारखाना काढला होता, ओगले ग्लास वर्क्स. त्याच्याही आधी १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना, लोकांकडून दरवर्षी एकेक पैसा जमवून उभारलेला. स्वदेशीचा काळ, कंदिलाची काचसुद्धा परदेशातून यायची याची लोकांना लाज वाटायला लागलेली. ओगल्यांनी पुढे आख्खा कंदीलच काढला, प्रभाकर कंदील. प्रभाकर म्हणजे सूर्य, रॉकेलवर चालणाऱ्या वस्तूला सूर्य म्हणायला हिंमत लागते. पण नाव असं रुजलं की लोक नुसतं "प्रभाकर आण रे आतला" म्हणायचे, घरातल्या पोराला हाक मारावी तसं. कारखाना बंद पडून जमाना झाला, सासूबाईंच्या बोलण्यात मात्र अजून "आमची काच" असते.

तर मला वाटलं यांना माझं दिव्याचं खूळ पटेल. छे. "अगं ती काच उजेडासाठी होती," म्हणे. "वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून. तुझी काच कशासाठी?"

उत्तर सुचलं नाही. तपकीर गल्लीत गेले. पुण्यातल्या लोकांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी, बुधवार पेठेतली ही विजेच्या सामानाची गल्ली, वर मान करून चालायची जागा, कारण दोन्ही बाजूंनी डोक्यावर दिवेच दिवे आणि मान खाली घालावी तर टू-व्हीलर. एका दुकानात डिझायनर म्हणून सहा काचेचे गोळे टांगलेले, हुबेहूब एकसारखे. मी बोट फिरवलं तर बाजूने वरपासून खालपर्यंत बारीक रेघ लागली हाताला, साच्याची शिवण. साचा दोन अर्धांचा असतो, ते जिथे मिटतात तिथे ही रेघ उमटते. मी म्हटलं हे हँडमेड कसं? दुकानदार न डगमगता म्हणाला, "मॅडम, हाताने बसवून देतो ना."

शेवटी माझा दिवा मिळाला एका प्रदर्शनात, फिरोजाबादच्या भट्टीवर आपल्या डिझाइनचे दिवे फुंकून घेणाऱ्या एका मुलीकडे. फिरोजाबाद म्हटलं की आपल्याला बांगड्या आठवतात, पण झुंबरं, दिव्यांचे गोळे, कंदिलाच्या काचासुद्धा तिथे होतात. आग्र्यापासून जवळच आहे, त्यामुळे १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ताजमहालाचा संगमरवर धुराने खराब होतो म्हणून त्या भागातल्या कारखान्यांचा कोळसा बंद करून त्यांना गॅसवर जायला लावलं. भट्टी एकदा पेटवली की रात्रीसुद्धा बंद करत नाहीत, ती मुलगी सांगत होती. वाळू, सोडा, चुना वितळून पाण्यासारखं व्हायला चौदाशे-पंधराशे डिग्री लागते, रोज सकाळी नव्याने तेवढं तापवत बसणं परवडणारच नाही. आणि दिवा फुंकून झाला तरी काम संपत नाही, तो दुसऱ्या भट्टीत ठेवून हळूहळू, काही तास घेऊन निववायचा. बाहेरची बाजू आधी गार झाली आणि आत गरमच राहिली तर काचेत ताण राहतो आणि ती दोन दिवसांनी, कोणी हात न लावता, आपोआप तडकू शकते. (घरोघरी अशी माणसं असतात, विषय बदलू या.)

मी तिला विचारलं, यात हा बुडबुडा का आहे? कारण डाव्या बाजूला खाली तिळाएवढा एक बुडबुडा होता. तिला वाटलं मी किंमत पाडतेय. म्हणाली दुसरा दाखवते. म्हटलं नको, हाच दे.

काचेचं हे गणित मजेदार आहे. कारखान्याने शंभर वर्षं झटून काच निर्मळ केली, बुडबुडा नाही, लाट नाही, जाडी सगळीकडे सारखी. आणि ते जमल्याबरोबर आपण पैसे टाकून लाट आणि बुडबुडा शोधायला निघालो. ओगलेवाडीच्या काचेत बुडबुडा निघाला असता तर ती बाजूला काढली असती, मी त्याचेच जास्त देतेय. नवरा म्हणतो याला मार्केटिंग म्हणतात. असेल. पण दिवसा खिडकीतून ऊन आलं की त्या बुडबुड्यापाशी एक छोटा उजळ ठिपका होतो आणि तो दुपारभर टेबलावरून सरकत सरकत मिठाच्या बरणीपर्यंत जातो, ते काही मार्केटिंगवाल्यांनी केलेलं नाही.

बल्बचा घोळ तर वेगळाच. इलेक्ट्रिशियनने लावताना आपल्या सवयीने थंड पांढरा एलईडी घातला, साडेसहा हजार केल्विनवाला (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप), आणि तो मधाचा रंग असा काही दिसायला लागला की टेबलावर काविळीचा पेशंट ठेवलाय. मग २७०० केल्विनचा वॉर्म बल्ब आणला तेव्हा कुठे जीवात जीव आला. केल्विन वाढला की उजेड गार दिसतो, हे उलटं माझ्या अजून पचनी पडलेलं नाही. आणि काच पारदर्शक असल्यामुळे आतला बल्ब थेट डोळ्यात जातो, म्हणून तो दुधी घ्यायचा. डेन्मार्कच्या पॉल हेनिंगसेनने आयुष्यभर हाच प्रश्न सोडवला म्हणे, त्याचा १९५८ चा आर्टिचोक नावाचा दिवा धातूच्या ७२ पानांचा, कुठूनही बघा आतला बल्ब दिसतच नाही, उजेड पानांवरून घसरत घसरत येतो. जपानी-अमेरिकन शिल्पकार इसामू नोगुची तर काचेच्या वाटेलाच गेला नाही, त्याने १९५१ पासून गिफू गावच्या कंदिलांवरून कागद आणि बांबूचे दिवे केले. ते फोटोत बघितले तर मला पहिला आठवला आमच्या चाळीतला आकाशकंदील. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, खळ, आत चाळीसचा बल्ब. आमचाही डिझायनरच होता तर, फक्त शेपट्या तिरक्या चिकटल्या होत्या.

आणि वाड्यातल्या हंड्या-झुंबरांचं काय, ती तरी कुठे भाजी निवडायला लावली होती! ग्वाल्हेरला जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये बांधलेल्या जयविलास महालातली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची, ती टांगण्याआधी छत पेलतं का बघायला वर हत्ती चढवले असं सांगतात. आमच्या इलेक्ट्रिशियनने स्वतःच हुकाला एकदा लटकून बघितलं, तत्त्व तेच.

या सगळ्यावर सासूबाईंचं मत बदललं नाही. जेवताना त्या ट्यूब लावतात. पण जेवणं झाली, ओटा आवरला की ट्यूब बंद करून त्याच दिव्याखाली बसतात हे मी बघितलंय, जपमाळ घेऊन. त्याला उजेड लागत नाही.

दिवाळीच्या आधी मात्र त्यांनी फर्मान काढलं, तुझा तो भोपळा आतून किती मळलाय बघ. होता. धूळ, फोडणीचा चिकटा आणि तळाशी तीन मेलेली चिलटं. खाली उतरवला, बल्ब काढला, फडकं घेऊन हात घातला तर हात आत जाईना. तोंड अरुंद, पोट मोठं, मनगटाच्या आधीच अडकले. काठीला फडकं गुंडाळून बघितलं, नवऱ्याने बाटलीचा ब्रश आणला, सहा हजार आठशेची काच म्हणून मी त्याच्यावर ओरडले आणि आकडा बोलून बसले.

त्याने फक्त माझ्याकडे बघितलं.

सासूबाई म्हणाल्या, "पोरीला बोलवा." आणि मग कळलं की कंदिलाची काच पुसायचं काम त्यांच्या घरी कायम त्यांच्याकडेच होतं, सगळ्यात धाकट्या म्हणून, मोठ्यांचा हात आत जायचा नाही. रोज दिवेलागणीच्या आधी पायरीवर बसायचं, चिंधीवर चुलीतली राख घ्यायची आणि काजळी काढायची, काच फुटली तर मार. लेकीला त्यांनी खाली मांडी घालून बसवलं, दिवा तिच्या मांडीत, खाली उशी. तिचा हात कोपरापर्यंत सहज गेला.

"ओलं फडकं नको," सासूबाई म्हणाल्या. "आधी आत तोंड घालून हा कर. मोठा. हां, आता पूस."

लेकीने हा केलं. मधाची काच आतून धुरकट झाली, तो तिळाएवढा बुडबुडा क्षणभर दिसेनासा झाला, मग तिची बोटं फिरली तशी काच पुन्हा उघडत गेली. तिला मजा वाटायला लागली, दोन-तीन वेळा तर तिने नुसतंच हा केलं, पुसलंच नाही.

"वरची बाजू राहिली," सासूबाई म्हणाल्या, "कडेकडेने घे."