फोंड्यात बसून पाहिलेला केंटकीचा टोर्नेडो

गोव्यात आले की कुणी ना कुणी विचारतंच, ‘तुमच्याकडे ते टोर्नेडो येतात म्हणे. आधी कळतं तरी कसं?’ आम्ही राहतो अमेरिकेत, पडूका शहरात, केंटकी राज्याच्या पार पश्चिम टोकाला. विचारणाऱ्याला मी 11 डिसेंबर 2021 च्या सकाळची हकिकत सांगते. ती सकाळ मात्र पडूकातली नाही, फोंड्यातली आहे.

मुलीला घेऊन मी माहेरी आले होते, नवरा तिकडेच होता. हिवाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेअकरा तासांचं अंतर असतं, त्यामुळे आपल्या शनिवारच्या सकाळी तिकडे शुक्रवारची रात्र चालू होती. त्या दिवशी शेजारच्या टेनेसी राज्यातल्या मेम्फिसला पारा 26 अंशांवर गेला होता. डिसेंबरात! मेक्सिकोच्या आखाताकडून दमट, उबदार हवा आत घुसलेली, पश्चिमेकडून थंड हवा सरकत येत असलेली आणि वरच्या थरांत वाऱ्याचा प्रचंड जोर. संध्याकाळीच आमच्या सगळ्या पट्ट्याला ‘टोर्नेडो वॉच’ लागला होता. ‘वॉच’ म्हणजे आज घडू शकतं, लक्ष ठेवा. ‘वॉर्निंग’ म्हणजे आता हातातलं टाका आणि आडोशाला जा.

पोदेर पाव देऊन गेला होता, आई भाजी गरम करत होती आणि मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. बाबा मागे येऊन उभे राहिले. ‘काय गो, तौक्तेसारखं काही आहे काय?’ त्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने आपली दैना केली होती, झाडं पडली होती, वीज गेली होती. तेव्हा वादळ म्हटलं की घरात तेच माप. पण तौक्ते शेकडो किलोमीटर पसरलेलं होतं, उपग्रहाच्या चित्रात आधीपासून दिसत होतं. टोर्नेडो एखाद्या गल्लीएवढा किंवा फार तर गावाएवढा रुंद. तो एकेका ढगाच्या पोटातून उतरतो आणि सावध व्हायला मिळतात ती मिनिटं. रात्री तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. उरतो तो रडार.

तिथलं हवामान खातं स्कायवॉर्न नावाचे फुकट वर्ग घेतं, तिथे मी रडारची चित्रं थोडीफार वाचायला शिकले होते. नेहमीचं पावसाचं चित्र सगळ्यांनाच कळतं. खरी माहिती असते वाऱ्याच्या वेगाच्या चित्रात: रडारकडे येणारा वारा हिरवा, दूर जाणारा लाल. गडद हिरवा आणि गडद लाल एकमेकांना चिकटून दिसले की समजायचं, तिथे हवा गरगरतेय. तरीही जमिनीवर टोर्नेडो टेकलाय की नाही, हे नक्की होत नाही. त्यासाठी तिसरं चित्र. रडारच्या टप्प्यात आलेल्या वस्तू एकमेकींसारख्या आहेत की नाहीत, ते यात दिसतं. पावसाचे थेंब साधारण एकसारखे, म्हणून सगळीकडे तांबडा रंग. पत्रे, फळ्या, झाडांच्या फांद्या, घरांच्या भिंतींत थंडी अडवायला भरलेला कापूस असलं काहीबाही हवेत उडालं की त्या तांबड्यात निळा डाग पडतो.

तो ढग मी अर्कान्सास राज्यापासून बघत होते. आपल्याकडे नऊला पाच-एक मिनिटं असताना तो मेफिल्डवर आला. मेफिल्ड पडूकाच्या दक्षिणेला साधारण 40 किलोमीटरवर. रडार पडूकाजवळच असल्यामुळे त्याची सर्वांत खालची फेरी मेफिल्डवरून जेमतेम चारशे मीटर उंचीवरून जाते, म्हणजे चित्र अगदी स्वच्छ. निळा डाग ठसठशीत उमटला होता. नंतर कळलं की तो ढिगारा 9 किलोमीटरहून उंच उडाला होता. खात्याने मेफिल्डसाठी ‘टोर्नेडो इमर्जन्सी’ जाहीर केली. हा त्यांचा शेवटचा, सगळ्यात कडक शब्द.

नवरा बिनखिडकीच्या बाथरूममध्ये, डोक्यावर सायकलचं हेल्मेट घालून बसला होता. मी मेसेज टाकला, ‘दक्षिणेकडून चाललाय. तू वाचलास.’ पाठवलं आणि लगेच हिशेब आठवला. पडद्यावरचं चित्र निदान एक-दोन मिनिटं शिळं असतं आणि तो ढग ताशी 90 किलोमीटरने पळत होता. म्हणजे मी बघत होते त्याच्यापुढे तो तीन किलोमीटर गेलेला. ‘थांब, अजून बाहेर येऊ नकोस,’ असं पुन्हा लिहिलं. बाबांनी विचारलं, ‘तो निळा ठिपका काय?’ मी सांगितलं, घरं. ते काही बोलले नाहीत, आईला गॅस बंद करायला सांगून माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

‘आपल्यावरून गेला नाही’ याचा आनंद मला झाला, आणि तो झाला हे मी लपवणार नाही. मेफिल्डला आम्ही शनिवारी सहज जात असू. तिथल्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात त्या रात्री शंभराहून अधिक माणसं पाळीवर होती, नाताळची मागणी ना! कारखाना जमीनदोस्त झाला, काहीजण गेले. कोर्टाच्या जुन्या इमारतीवरचा घड्याळाचा मनोरा कोसळला. तो टोर्नेडो जमिनीवर जवळपास तीन तास राहिला, 165 मैलांहून अधिक चालला, 57 जणांचा बळी घेऊन गेला. डॉसन स्प्रिंग्ज गावातल्या एका कुटुंबाचा 1942 मधला फोटो इंडियानात, सुमारे 200 किलोमीटर दूर, कुणाच्या तरी गाडीला चिकटलेला सापडला. त्या निळ्या डागात असलं सगळं असतं.

तुमचं कुणी त्या भागात असेल तर एक सांगते. इशारा लागल्यावर फोन करू नका. त्या वेळी त्याचा फोन इशाऱ्यांसाठी मोकळा हवा आणि बॅटरीही शिल्लक हवी. छोटा मेसेज टाका, आणि त्याच्या काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, नाव आधीच लिहून ठेवा, कारण टीव्हीवर बातम्या काउंटीच्या नावाने येतात, गावाच्या नव्हे. मुलांना बूट घालूनच बसवायला सांगा, नंतर काचांतून चालावं लागतं. आमच्या बाबांनी आमच्या मॅक्रॅकेन काउंटीचं नाव फ्रीजवर चिकटवलंय, आणि पावसाळ्यात पणजीच्या रडारची चित्रं उघडून मला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात, ‘यात हिरवा-लाल कुठे मिळतो गो?’