आमची वाटचाल : नांगराच्या फाळापासून साडेचार हजारांच्या सुरीपर्यंत

चोपड्यात आमचा भाता आजोबांपासूनचा. ते नांगराचे फाळ पाजवून द्यायचे आणि सुगीत बलुतं म्हणून घरी दादर ज्वारी यायची. वडिलांच्या काळात केळी वाढली तशी घड कापायच्या विळ्यांना मागणी आली, मग बाजारात दीड-दोनशे रुपयांचे तयार विळे आले आणि भाता थंड पडायला लागला. तेव्हा मी ठरवलं की कमी माल करायचा पण पक्का करायचा, आणि सुऱ्यांकडे वळलो.

आता दुकानात माणूस येतो, सुरी हातात घेतो, "भाऊ, हाई कितलाले शे?" मी सांगतो साडेचार हजार, की तो ती हळूच खाली ठेवतो. त्याचं चुकत नाही, कारण पैसा गेलाय कुठे ते वरून दिसतच नाही. भंगारातल्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यात बारीक चिरा असू शकतात म्हणून आम्ही स्टीलचा नवा पट्टा आणतो, टेस्ट सर्टिफिकेटसकट. पातं ठोकून झालं की भट्टीत साधारण 850 डिग्रीला तापवायचं, कोमट तेलात बुडवून पाणी द्यायचं (तेल असलं तरी आमच्यात पाणी देणंच म्हणतात), मग कानस मारून बघायची, ती घसरली म्हणजे पातं कडक झालं, पण या अवस्थेत ते काचेसारखं फुटतं म्हणून पुन्हा 200 च्या आसपास दोन-दोन तास दोनदा भाजायचं. सगळी किंमत इथली आहे भाऊ! हे नीट झालं तर धार टिकते आणि हाडावर आपटलं तरी कोर तुटत नाही.

बरेच जण "हंटिंग नाइफ" मागतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि त्यासाठी मी माल विकत नाही. पण ती सुरी मुळात कातडी सोलायला आणि मांस सोडवायलाच असते, आणि ते काम इथे आपले खाटीक रोज करतात, त्यांना आमची चार-पाच इंची, थोडी वर वळलेल्या पोटाची सुरी फार आवडते. मुठीच्या टोकापर्यंत एकच अखंड पट्टा, वर शिसवीचं लाकूड आणि पितळी रिव्हेट, त्यामुळे मूठ हलत नाही.

मग पैसे वसूल होतात का? रोज कापणाऱ्याला नक्की होतात. वर्षातून दोनदा ट्रेकला नेणाऱ्याला मी स्वतःच चारशेची घ्यायला सांगतो. डमास्कस म्हणजे नक्षीदार पात्याच्या सुरीचंही तेच, दोन जातींचं स्टील घडीवर घडी घालून जोडायचं आणि ॲसिडमध्ये बुडवलं की नक्षी उठते, मेहनत भयंकर आहे म्हणून महाग, पण त्याने जास्त कापतं असं नाही. आणि स्वस्तात मिळणाऱ्यावर कित्येकदा नुसती वरून कोरलेली नक्षी असते, ते घेऊ नका.

एक मात्र, आमचं स्टील गंजतं. केळीचा चीक लागला तर काळं पडतं, वापरून झालं की पुसून तेलाचा हात फिरवायचा. धार गेली तर घेऊन या, आमच्या सुरीला धार लावायचे पैसे आम्ही घेत नाही.