तिसरा बोल्ट

सातपूरला आजचा अख्खा दिवस एका ब्लोअरपाशी (हवा फेकणारा मोठा पंखा) गेला. 2900 आरपीएमला असा थरथरायचा की बेसवर ठेवलेला चहाचा ग्लास चालत कडेला आला. (ग्लास माझाच.) रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, नुकताच बॅलन्स केलेला, म्हणजे त्याचं वजन सगळीकडून सारखं केलेलं. ते नसतं, तर या वेगाला 100 मिमी त्रिज्येवरचे एका बाजूला जास्तीचे 10 ग्रॅमसुद्धा 9 किलोच्या वर जोराने बाहेर ओढतात. वेग दुप्पट, तर ओढ चौपट. मी आपला मशीनखालचे, थरथर शोषणारे रबर पॅड बदलायचं धरून बसलेलो. शेवटी फिटर काका म्हणाले, "साहेब, एकेक बोल्ट ढिला करून बघू ना."

तिसरा ढिला केला आणि थरथर निम्म्यावर! मोटरचा एक पाय अधांतरी, बोल्टाने नुसता ओढून बसवलेला. त्याखाली अर्ध्या मिमीची शिम (फट भरणारी पातळ पट्टी) घातली, मशीन गप्प.

नवे पॅड गाडीत तसेच पडलेत. काकांच्या मिसळीचं बिल मात्र माझ्याकडे.