कोकण किनाऱ्यावर जिओकॅशिंग: शोधण्यापासून पहिली डबी ठेवण्यापर्यंतची नोंद

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी रत्नागिरी तालुक्यात जिओकॅशिंग सुरू केले. कोणी लपवून ठेवलेली डबी तिच्या जाहीर केलेल्या अक्षांश-रेखांशांवरून जीपीएसच्या मदतीने शोधायची आणि आतल्या नोंदवहीत सही करायची, असा हा छंद आहे. मध्ये एक उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा गेला असून आता माझी स्वतःची पहिली डबी ठेवण्याची तयारी जवळजवळ पुरी झाली आहे. परदेशातल्या अनुभवी मंडळींचे सल्ले भरपूर वाचायला मिळतात, पण ते बहुतेक थंड हवेच्या, कोरड्या जंगलांच्या आणि सार्वजनिक उद्यानांच्या देशांतले आहेत. जांभा, खारे वारे, भरती-ओहोटी आणि वाडीवाडीने वसलेली गावे असलेल्या आपल्या किनाऱ्यावर त्यांतले काय टिकते आणि काय नव्याने ठरवावे लागते, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मांडावे, म्हणून ही नोंद लिहीत आहे.

छंदाचे मूळ थोडक्यात सांगतो. अमेरिकेने नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत मुद्दाम मिसळलेली त्रुटी २ मे २००० रोजी काढून टाकली आणि त्याबरोबर सामान्य माणसाच्या हातातल्या यंत्राची अचूकता एकदम कित्येक पटींनी वाढली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळ काही वस्तू भरलेली एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवरील एका चर्चागटात जाहीर केले. ती बादली अर्धवट जमिनीत पुरलेली होती. आज मात्र जमीनमालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय खड्डा खणून डबी पुरण्यास नियमांनी मनाई आहे. हा नियम मला या छंदातला सर्वांत शहाणपणाचा नियम वाटतो, कारण कातळशिल्पांच्या, म्हणजे उघड्या खडकावर कोरलेल्या प्राचीन चित्रांच्या, प्रदेशात कोणीही हौसेखातर जमीन उकरू लागला तर काय नुकसान होईल, याची कल्पनाही करवत नाही.

सुरुवातीला स्थान वाचण्याची सवय करून घ्यावी. जिओकॅशिंगमध्ये स्थान अंश आणि दशांश मिनिटे या स्वरूपात देतात, तर आपल्या फोनमधले नकाशे बहुधा दशांश अंश दाखवतात, आणि या दोहोंची गल्लत झाली तर शोध सुरू होण्यापूर्वीच फसतो. उदाहरणार्थ, १७ अंश ०८.४०० मिनिटे हा गणपतीपुळ्याच्या आसपासचा अक्षांश दशांश अंशांत १७.१४ होतो, तोच कोणी घाईने १७.०८४ असा भरला तर तो दक्षिणेला आरे-वारेच्या दिशेने सुमारे ६ किलोमीटर दूर जाईल. मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थानातला एक अंक आपल्याकडे पावणेदोन ते दोन मीटर अंतर दाखवतो, आणि मोकळ्या आकाशाखाली फोनची अचूकता साधारण ५ मीटर धरता येते. म्हणजे शेवटची काही पावले यंत्राने नव्हे, तर डोळ्यांनीच चालायची असतात. उघड्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माळावर, उपग्रहांचे संकेत उत्तम मिळतात. नारळ-पोफळीच्या दाट बागेत, विशेषतः पाने ओली असताना, दाखवलेला बिंदू जागेवर राहत नाही. त्यामुळे स्वतःची डबी ठेवताना त्या जागेची मोजणी वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या वेळी करून तिची सरासरी घ्यावी, हे मी कटाक्षाने पाळले. साधा फोन आणि सोबत एक पॉवर बँक सुरुवातीला पुरेशी आहे. हातातले स्वतंत्र जीपीएस यंत्र घ्यायचेच असेल, तर उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाही, हे खरेदीपूर्वी लक्षात ठेवावे.

फोनमधला बाण दोन वेगळ्या गोष्टींवर चालतो आणि त्यांतला फरक समजून घेण्यासाठी कोकणासारखी जागा नाही. आपण कोठे आहोत हे उपग्रह सांगतात, पण आपले तोंड कोणत्या दिशेला आहे हे उभ्या माणसाला फोनमधले चुंबकीय होकायंत्र सांगते. राजापूर तालुक्यातील देवाचे गोठणे येथील कातळशिल्पाजवळ होकायंत्राची सुई भलतीच दिशा दाखवते, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी बाणावर विश्वास न ठेवता अंतराचा आकडा पाहत चालावे आणि तो कमी होतो की वाढतो यावरून दिशा ठरवावी. ही पद्धत एकदा अंगवळणी पडली की ती कोठेही उपयोगी पडते, आणि ती शिकण्यासाठी मला सडाच सर्वांत योग्य वाटला. मात्र कातळशिल्पांच्या जवळपास डबी ठेवण्याचा विचारही करू नये. कोकणातील ही शिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, आणि शोधणाऱ्यांच्या पायांनी त्यांच्या रेषा झिजणे हे कोणत्याही छंदापेक्षा फार मोठे नुकसान ठरेल.

आता शोधण्याबद्दल, आणि याच मुद्द्यावर मला सर्वांत अधिक लिहावेसे वाटते. जिओकॅशिंगच्या जुन्या जाणत्यांचा पहिला सल्ला असा असतो की दगडांची फट, भिंतीतली पोकळी, झाडाचे मूळ पाहा. कोकणात त्याच जागा फुरशाच्या आणि विंचवाच्या आहेत. फुरसे हा लहानसा, दगडांच्या रंगात मिसळून जाणारा विषारी साप रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत विपुल आढळतो आणि दिवसा तो जांभ्याच्या दगडांखाली पडून असतो. डिवचल्यास तो अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतो, पण तो ऐकू येईल यावर विसंबता येत नाही. लाल विंचवाचा दंश तर एके काळी येथे कित्येकांचे, विशेषतः लहान मुलांचे, प्राण घेत असे. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यावर ते मृत्यू फार कमी झाले. म्हणून माझा नियम असा आहे की डोळ्यांना आतपर्यंत दिसत नाही अशा फटीत हात घालायचा नाही. हातात काठी, पायांत घोट्याच्या वर येणारे बूट आणि खिशात विजेरी असल्याशिवाय सड्यावर पाऊल टाकायचे नाही, आणि शोध अंधार पडण्यापूर्वी थांबवायचा. डबी मिळाली नाही तर 'सापडली नाही' अशी नोंद करून परतायचे. ती नोंदसुद्धा डबी ठेवणाऱ्याला उपयोगी असते. यावरून डबी ठेवणाऱ्यासाठीही एक नियम आपोआप निघतो: आपली डबी कोणालाही दगड उचलायला लावणार नाही आणि ती उभ्या माणसाच्या कमरेच्या वर, उजेडात असेल.

गडग्यांबद्दल वेगळे सांगायला हवे. जांभ्याचे दगड मातीचुन्याशिवाय एकावर एक रचून बांधलेला गडगा ही नवख्याला लपवण्याची आदर्श जागा वाटते, पण त्यातला एक दगड सैल झाला की पावसाळ्यात हातभर भिंत खाली येते. ती कोणाच्या तरी श्रमाची आणि हद्दीची खूण असते. त्यामुळे गडगे मी यादीतून कायमचे वगळले आहेत. देवराई, सहाण (पालखी ठेवण्याचा चौथरा) आणि मंदिराचे आवारही तसेच वगळले. विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग यांसारख्या संरक्षित किल्ल्यांच्या तटबंदीत काही ठेवणे तर सर्वथा गैर आहे.

परवानगी हा या छंदाचा कणा आहे, हे मला येथेच उमगले. मी निवडलेली जागा एका ओळखीच्या काकांच्या आगराच्या (नारळ-पोफळीच्या बागेच्या) कडेला, पाखाडीच्या म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या वळणावर आहे. त्यांनी लगेच होकार दिला, पण सोबत एवढेच म्हणाले, "जागा माझी आहे, वाट वाडीची आहे. वाडीला विचार." त्याप्रमाणे वाडीच्या बैठकीत डबी सर्वांना उघडून दाखवली, ती कशासाठी आहे आणि ती शोधायला कोण येऊ शकेल हे सांगितले, आणि नंतर सरपंच व पोलीस पाटील यांनाही कळवले. हे शेवटचे पाऊल मी प्रत्येकाला आग्रहाने सुचवीन. १९९३ साली श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरवली गेली आणि २००८ साली मुंबईवर हल्ला करणारे समुद्रमार्गे आले. तेव्हापासून किनाऱ्यावरील बेवारस वस्तूकडे गावकरी आणि पोलीस संशयाने पाहतात, आणि ते योग्यच आहे. म्हणून डबी पारदर्शक असावी, तिच्यावर चिकटपट्ट्या किंवा तारा नसाव्यात आणि ती काय आहे हे सांगणारी मराठी चिठ्ठी बाहेरून वाचता येईल अशी आत ठेवावी. ज्या वाडीला डबीची माहिती आहे, तेथे ती टिकते. शोधायला आलेल्या अनोळखी माणसालाही कोणी हटकत नाही, उलट पाणी विचारतात.

डबी कोणती घ्यावी, हे मी पावसाळ्यावर सोपवले. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या काळातला असतो, त्यामुळे याहून कठोर परीक्षा दुसरी नाही. मृगापासून अनंत चतुर्दशीपर्यंत निरनिराळ्या डब्या आमच्याच परसात उघड्यावर टांगून ठेवल्या. फिल्मच्या जुन्या डबीत पाणी गेले. चार बाजूंनी कड्या बसणाऱ्या डब्याचे रबर पक्के होते, पण झाकण लावताना आत कोंडलेल्या दमट हवेनेच कागदाला बुरशी आली. शीतपेयाची बाटली फुगवण्यापूर्वी जी जाड नळी असते, ती प्रीफॉर्म नावाची नळी तिच्या फिरकीच्या झाकणासह सर्वांत चांगली टिकली. लोहचुंबक लावलेली डबी खाऱ्या हवेत गंजली, म्हणून किनाऱ्यावर चुंबक टाळावा. सिलिका जेलची पुडी उपयोगी पडते, पण ती लवकर ओलावा पिऊन निकामी होते आणि बदलत राहावी लागते. नोंदवहीचा कागद पाणी न धरणारा आणि सोबत शिसपेन्सिल असावी, कारण शाई पसरते. खाण्याचा पदार्थ आत कधीही ठेवू नये. नियमही तेच सांगतो आणि येथल्या मुंग्या व माकडेही.

पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, डबी ठेवण्याचा मोह मी दोन कारणांनी सोडला. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, तेव्हा रात्रीचे दिवे आणि वाळू तुडवणे त्यांना बाधक ठरते. दुसरे कारण भरतीचे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास, हा हिशेब किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. पण ठिकाणानुसार त्यात फरक पडतो, म्हणून छापील भरतीपत्रक पाहूनच निघावे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या उधाणाला पाणी नेहमीच्या रेषेच्या पुष्कळ वर येते.

तरीही समुद्राला या छंदातून वगळण्याची गरज नाही. अर्थकॅश या प्रकारात डबीच नसते. भूशास्त्रीय महत्त्वाच्या जागी जाऊन निरीक्षण करायचे आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पाठवायची, एवढेच त्यात असते. गुहागर तालुक्यातील हेदवीची बामणघळ मला त्यासाठी फार योग्य वाटते. तेथे खडकातील अरुंद घळीत भरतीची लाट घुसते आणि पाणी उंच उसळते. घळ कशी रुंदावत गेली असावी, खडकातल्या भेगा कोणत्या दिशेने जातात, असे प्रश्न लांबून, सुरक्षित उंचीवरून पाहून सोडवता येतील असेच मी मांडत आहे, कारण घळीच्या तोंडाशी कोणाला उभे करणारा प्रश्न कितीही चांगला असला तरी तो विचारता कामा नये. जागेची परवानगी अर्थकॅशलाही लागते. ते काम अजून बाकी आहे.

पाखाडीच्या वळणावरच्या डबीचे अक्षांश-रेखांश आता निश्चित झाले आहेत. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर असावे लागते. आमच्या भागात त्याची अडचण नाही. शोधण्याचा कठीणपणा आणि भूभागाची अवघडता एक ते पाच अशा श्रेणीत सांगतात; कठीणपणा दीड आणि भूभाग दोन अशी श्रेणी मी ठरवली आहे. पायऱ्या चढाव्या लागतात म्हणून भूभागाला एक दिला नाही, आणि पावसात जांभ्यावर शेवाळ धरते याची सूचना वर्णनात स्वतंत्र लिहिली आहे. वर्णन आधी मराठीत आणि मग इंग्रजीत दिले आहे. स्वयंसेवक परीक्षकाची मंजुरी आली की डबी खुली होईल. नंतर दर महिन्याला सिलिका बदलणे आणि गणपतीपूर्वी नोंदवही तपासणे माझ्याकडे राहील. या बाजूला येणाऱ्यांनी सही करताना आतला कागद कोरडा होता की दमट, एवढे अवश्य लिहावे. पुढच्या पावसाळ्यासाठी नळी बदलायची की नाही, ते त्यावरून ठरवता येईल.