बोटीवर मस्त चालायचा, नाशिकरोडला आणला आणि कपॅसिटर उडायला लागले

नाशिकच्या अंबडला माझं छोटं शॉप आहे, सुतारकामाच्या मशीन रिपेअर करतो. म्हणजे रंधा मशीन, त्याच्याच शाफ्टला लावलेली सर्क्युलर, बँड सॉ, कधी कोणाचं हातातलं कटर. पंजाबकडून येणारी बिडाची रंधा मशीन इकडे सगळ्या फर्निचरवाल्यांकडे असतात, त्यांची बेअरिंगं आणि वायंडिंग हेच माझं रोजचं काम. पण त्या दिवशी छोटा हत्तीतून जे उतरलं ते बघून मी हातातला पाना बाजूला ठेवला.

आठ इंची टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या आठ इंची गोल ब्लेडनं लाकूड कापायचं मशीन. बिडाचं टेबल, खाली पत्र्याची नाही तर बिडाची बॉडी, पुढे उंचीचं चाक, बाजूला ब्लेड कलवायचं चाक, मोटर मागे वेगळी लटकवलेली आणि पट्ट्यावर चालणारी. दोन माणसं आरामात उचलतील एवढाच. पुढच्या प्लेटवर क्राफ्ट्समन लिहिलेलं आणि मॉडेल नंबर १०३ ने सुरू होणारा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, क्राफ्ट्समन हे तेव्हा अमेरिकेतल्या सिअर्स कंपनीचं नाव होतं, पण सिअर्स स्वतः मशीन बनवत नव्हती, दुसऱ्यांकडून बनवून घ्यायची आणि मॉडेल नंबरातले पहिले तीन आकडे बघितले की खरा बनवणारा कळतो. १०३ म्हणजे किंग-सीली, ११३ म्हणजे इमर्सन इलेक्ट्रिक. तिकडे दुसऱ्या महायुद्धानंतर लोक घराच्या गॅरेजमधे, तळघरात सुतारकाम करायला लागले तेव्हा असल्या लहान सॉ खूप खपल्या, आणि त्या काळात लहान मशीन असली तरी बीड घालायला कोणी कंजुषी करत नव्हतं.

घेऊन आलेली ताई जेलरोडची, शाळेत शिक्षिका. म्हणाली, "दादा, बाबांचा आहे. ते बोटीवर कारपेंटर होते. रिटायर झाल्यावर घरी आणला. तीन इलेक्ट्रिशियन झाले, प्रत्येकानं कपॅसिटर बदलला, महिनाभर चालतो आणि परत उडतो. शेवटचा म्हणाला मोटर गेलीये, भंगारात घाला." भंगारवाला येऊन किलोचा भाव सांगूनही गेला होता. बाबा मागच्या वर्षी वारले. त्यांचा पंचवटीतला जुना वाडा उतरवला त्यातलं सागवान तिनं राखून ठेवलंय, त्याची पुस्तकांची कपाटं तिला स्वतःला करायची आहेत. माणूस लावून नाही, स्वतः. हे ऐकून मला खरंच बरं वाटलं.

मी आधी मोटर नाही बघितली. जुना सॉ आला की मी पहिल्यांदा पट्टा काढतो आणि आर्बर, म्हणजे ब्लेडचा शाफ्ट, हातानं फिरवतो. मोटर बाजारात मिळते हो, आर्बर आणि त्याला धरणारं बिडाचं ब्रॅकेट मिळत नाही. ते तडकलेलं असलं तर खेळ संपला, कारण या मशीनचे पार्ट आता कोणी बनवत नाही, जे मिळतं ते दुसऱ्या मेलेल्या मशीनमधलं. इथं ब्रॅकेट शाबूत होतं. बेअरिंग कोरडी, खरखर करत होती, पण शाफ्टला खेळ नाही. कलवायचे दाते भुश्यानं आणि जुन्या ग्रीसनं घट्ट बसलेले, ते रॉकेल आणि तारेच्या ब्रशनं निघतं. टेबलावर गंज, तोही वरवरचा. म्हणलं हा सॉ जगणार.

मग मोटर. अर्धा एचपी, कपॅसिटर स्टार्ट, म्हणजे सुरू होताना कपॅसिटरची मदत घेणारी, प्लेट बारीक अक्षरात. ११५/२३० व्होल्ट. आपल्या इलेक्ट्रिशियन लोकांनी २३० वाचलं, आतली जोडणी २३० ला केली आणि लावली. जोडणी बरोबरच केली होती. पण त्याच प्लेटवर पुढे ६० सायकल (विजेची फ्रिक्वेन्सी, सेकंदाला ६० आवर्तनं) आणि ३४५० आरपीएम लिहिलेलं होतं. मी ताईला विचारलं, "बाबांनी घरी कधी नीट चालवला का हा?" ती म्हणाली, "घरी कधीच नाही. बोटीवर मस्त चालायचा म्हणायचे. घरी आणला आणि हे सगळं सुरू झालं, बाबा म्हणायचे समुद्राची सवय आहे त्याला."

झालं. बहुतेक मोठ्या व्यापारी जहाजांवर जनरेटर ६० सायकलचे असतात. आपल्याकडे घरात ५०. बाबांचं मशीन समुद्रावर त्याच्या हक्काच्या विजेवर चालत होतं आणि जमिनीवर आल्यावर आजारी पडलं, आणि सगळे औषध देत होते कपॅसिटरला.

हे नीट सांगतो, कारण बाहेरून आणलेल्या खूप मशीन याच कारणानं मरतात. मोटरच्या लोखंडात किती चुंबकत्व भरतं ते व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी यावर ठरतं. २३० ला ६० नं भागा, ३.८ येतात. २३० ला ५० नं भागा, ४.६. म्हणजे २० टक्के जास्त. लोखंडाची क्षमता आधीच काठापर्यंत वापरलेली असते, त्याच्या वर गेलं की करंट सरळ उडी मारतो, मोटर काम न करता नुसती गरम होते आणि गुणगुणते. या मोटरला ५० सायकलवर खरं तर १९० च्या आसपासच व्होल्टेज पाहिजे. स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर लावून ११० दिले तरी तेच दुखणं राहतं, ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही.

आणि कपॅसिटर का उडतो? आत एक सेंट्रिफ्यूगल स्विच असतो. मोटरनं वेग घेतला की वजनं बाहेर फेकली जातात, स्विच टक करून सुटतो आणि स्टार्टिंगचं वायंडिंग आणि कपॅसिटर बाजूला पडतात. हा कपॅसिटर दोन तीन सेकंदांसाठीच बनवलेला असतो. स्विच साधारण पाऊण वेगाला सुटतो, ६० सायकलवर वरची मर्यादा ३६००, त्या हिशोबानं २७०० च्या आसपास. पण ५० सायकलवर मोटरची वरची मर्यादाच ३०००. म्हणजे जे काम पाऊण वेगाला व्हायचं ते आता ९० टक्क्यांना होणार. संध्याकाळी व्होल्टेज थोडं पडलं, पट्टा कडक असला, बेअरिंग कोरडी असली की मोटर २७०० ला पोचायलाच वेळ लावते, तोपर्यंत कपॅसिटर भाजत राहतो. ताईच्या सॉमधे तर हे तिन्ही एकदम होतं.

मला हे ताईला कानानं ऐकवायचं होतं, कारण तीन जणांनी सांगून तिचा विश्वास उडाला होता. आधी शेजारच्या रंधा मशीनची मोटर सुरू केली, सेकंदाच्या आत टक. मग तिच्या बाबांची, पट्टा लावून. घूंऽऽ करत चढतेय, चढतेय, टक येतच नाही, हेल्परचा हात बटणावर तयार ठेवलेला, मग उशिरा एकदाचा टक आला. क्लॅम्प मीटर लावला तर रिकामी चालतानाच करंट प्लेटवरच्या फुल लोडच्या वर. तशीच चालू ठेवून डिमरस्टॅटनं व्होल्टेज हळूहळू खाली घेतलं, १९० च्या जवळ आल्यावर गुणगुण कमी झाली आणि करंट धपकन खाली. ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाली, "म्हणजे मोटर चांगली आहे?" म्हणलं एकदम चांगली, फक्त आपल्या घराची नाही.

मग त्याच व्होल्टेजवर का नाही चालवायची? कारण कमी व्होल्टेजला उठायला अजून कष्ट पडतात, ताकदही कमी होते आणि वेग २९०० च्या खालीच राहतो. कोणी म्हणेल व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून देणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह लावा. असल्या कपॅसिटर स्टार्ट मोटरला ड्राइव्ह चालत नाही. थ्री फेज मोटर आणि सिंगल फेजमधून चालणारा ड्राइव्ह अशी जोडी चालते, पण घरच्या भुश्यात ते इलेक्ट्रॉनिक्स उघडं ठेवायला माझं मन होत नाही. मी सांगितलं आपली इथली एक एचपी सिंगल फेज, २८८० ची मोटर लावू. आणि वेग पुलीनं काढू. मोटरला ३ इंची पुली, आर्बरला अडीच इंची, २८८० गुणिले ३ भागिले २.५, येतात ३४५६. बाबांच्या बोटीवरच्या वेगाला जवळपास तंतोतंत. आठ इंची ब्लेडच्या दाताला मिनिटाला साधारण २२०० मीटर मिळतात, सागासाठी झकास. जुन्या मोटरच्या पायाची भोकं इंची आणि नवीची वेगळी, म्हणून मागच्या लटकत्या प्लेटवर एक नवीन प्लेट बोल्ट केली, मूळ बिडाला एकही नवीन भोक पाडलं नाही. हे मी हट्टानं करतो. उद्या कोणाला मूळ मोटर परत बसवायची असेल तर बसवता आली पाहिजे.

आर्बर सातपूरला नेला, तिथे ओझरच्या एचएएलमधून रिटायर झालेले एक टर्नर काका आहेत, त्यांच्या लेथवर. ब्लेड ज्या फ्लँजला टेकतं तिथे गंजाचे खड्डे आणि एक बारीक टवका होता. फ्लँज ५० मिलिमीटरचा, ब्लेड २०० चं. फ्लँजवर पाच शतांश मिलिमीटर वाकडं असलं की ब्लेडच्या टोकाला चौपट, वीस शतांश डोलणार, आणि तेवढा डोल लाकडावर रेघा म्हणून उमटतो. काकांनी दोन सेंटरमधे धरून नुसता स्पर्श केला आणि डायल लावला तर काटा हललाच नाही म्हणा. त्यांनी पैसे घ्यायला नको म्हणलं, म्हणाले असलं काम हाताला लागतं कुठे आता. मी बळंच दिले.

ब्लेडचीही एक भानगड होती. आर्बर इंची आणि बारीक, आपल्याकडे मिळणाऱ्या आठ इंची ब्लेडचं भोक बहुतेक २५.४ चं. कोणीतरी पत्र्याची पट्टी गुंडाळून ब्लेड बसवलं होतं! असं कोणी करत असेल तर कृपा करून थांबवा. काकांकडूनच नीट बुश काढून घेतला, भोकात दाबून बसणारा आणि ब्लेडच्या पातीपेक्षा किंचित पातळ, म्हणजे फ्लँज बुशला नाही, पातीलाच आवळतो.

मग जुळवणी. टेबलावर मायटर गेजची, म्हणजे आडवा कट मारताना लाकूड धरून सरकवायच्या पट्टीची खाच असते, ब्लेड त्या खाचेला समांतर पाहिजे. एक दात मार्करनं खुणावायचा, पुढे आणून मापायचा, तोच दात फिरवून मागे नेऊन मापायचा, म्हणजे ब्लेडचा डोल मापात येत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या वर फरक निघाला. म्हणूनच ताई म्हणत होती की लाकूड काळं पडतं, जळका वास येतो. टेबलाखालचे बोल्ट ढिले करून लाकडी हातोडीनं टिचक्या मारत मारत एक दशांशाच्या आत आणलं. फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायची बाजूची पट्टी, ब्लेडच्या मागच्या बाजूला केसभर उघडा ठेवला.

इथपर्यंत सगळं गोडीत झालं. वाद झाला तो स्प्लिटरवर, म्हणजे कापलेली चीर उघडी ठेवणाऱ्या ब्लेडमागच्या पातीवर. मूळ गार्ड आणि ही पाती कधीच हरवलेली. ताई म्हणाली, "बाबा तर तसाच वापरायचे, आता देऊन टाका ना दादा, शनिवारी सुट्टी आहे." मी म्हणलं नाही देणार. जुन्या लाकडात ताण असतो, उभी फळी फाडताना मागची चीर मिटते आणि ब्लेडला चिमटा बसतो. ब्लेडचे मागचे दात खालून वर येत असतात, ते फळी उचलतात आणि सरळ माणसाच्या पोटावर फेकतात. मिनिटाला २२०० मीटर म्हणजे तासाला १३० किलोमीटर. हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही, कधी कधी हातच ब्लेडवर ओढला जातो. माझ्याकडे येणाऱ्या मिस्त्री लोकांची बोटं मी मोजत नाही, पण दिसतात. प्लायला खालून हातकटर उलटं बसवून टेबल सॉ करतात त्याच्यातही हीच पाती नसते, आणि मला दर वेळी त्रास होतो बघून.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "करा. पण मला कसं करता ते बघायचंय." थांबली आणि बघितलं. ब्लेडची पाती १.७, दातांची चीर २.६, मधलं काहीतरी पाहिजे म्हणून २ मिलिमीटरची स्टीलची प्लेट घेतली, ब्लेडच्या गोलाईनं कापली, कडा घासून काढल्या आणि मागच्या ब्रॅकेटला मूळचीच दोन भोकं होती तिथे बोल्ट केली. ब्लेड कललं की बरोबर कलते. वरखाली मात्र होत नाही, म्हणून आरपार नसलेली खाच पाडताना काढावी लागेल आणि लगेच परत लावावी लागेल, हे तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. आणि साधं टकटक बटण काढून नो व्होल्ट कॉइलचा स्टार्टर लावला. लाईट गेली, ती बाजूला झाली, ब्लेडजवळचा तुकडा उचलायला हात घातला आणि लाईट आली तर? या स्टार्टरला हिरवं बटण परत दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही.

वाड्याच्या सागाची एक फळी तिनं सोबत आणलीच होती. आधी चुंबक फिरवला, दोन चौकोनी खिळे निघाले, हातानं ठोकलेले जुने. काढले. चोवीस दाती कार्बाइड टिपचं ब्लेड, सागात वाळूचा अंश असतो त्यामुळे साधं ब्लेड लवकर बोथट होतं. स्टार्टर दाबला, टक लगेच. पहिली चीर मी मारली, दुसरी तिनं, ढकलकाठीनं, ब्लेडच्या रेषेतून बाजूला उभं राहून. वरून काळं पडलेलं लाकूड आत सोनेरी निघालं आणि कापलेल्या कडेवर करपल्याचा डागसुद्धा नाही. टेबलावर नाणं उभं करून ठेवलं होतं, ते मशीन चालू असताना पडलं नाही. ताई ती कड परत परत हातानं बघत होती.

जुनी मोटर मी पुसून, बेअरिंगला ग्रीस भरून, प्लेटवर लाल पेंटनं "फक्त ६० सायकल" लिहून तिच्यासोबत परत दिली. मायटर गेज अजून राहिलाय, मूळचा हरवलाय आणि बाजारात मिळणारा खाचेत हलतो, तो काकांकडे पितळेच्या पट्टीतून करून घेतोय. तोपर्यंत आडवे कट मारायचे नाहीत असं सांगितलंय तिला, आणि नाशिकमधे कोणाच्या घरी असा क्राफ्ट्समन, डेल्टा काहीही पडून असेल आणि प्लेटवर ६० लिहिलेलं असेल तर प्लग लावून बघू नका, आधी प्लेटचा फोटो काढून मला दाखवा.