फॉल्स सीलिंगच्या वरची जागा आणि आमचे चार महिने

अग्निशमन खात्याच्या तपासणीच्या कागदावर शेरा एवढाच होता : फॉल्स सीलिंगच्या वर स्प्रिंकलर (आग लागली की आपोआप पाणी फवारणारी तोंडं) नाहीत. कुठल्या मजल्यावर, कुठल्या नियमाने, किती हवेत, काही नाही. त्या एका ओळीत आमचे चार महिने गेले. आज फायर क्लिअरन्स हातात आहे, तरी तो कागद आठवला की चीड येते.

आमचं अपार्टमेंट बेळगावात, टिळकवाडीत. तळघरात पार्किंग, वर घरं, सगळ्यात वर बारशा-साखरपुड्यासाठी हॉल. मंजूर नकाशात तळघर, लॉब्या आणि हॉल इथे स्प्रिंकलर होते, आणि ते बसवलेलेही होते. टाकी, पंप, हायड्रंट, जिना एका सकाळीत पास झाले. अडलं ते सीलिंगवर. बिल्डर तोवर हात झटकून मोकळा झाला होता, त्यामुळे पुढची धावपळ असोसिएशनचा सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे आली.

शेरा कन्नडमध्ये. मला बाजारापुरतं कन्नड येतं, सरकारी कन्नड येत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या अक्का कन्नड शाळेत शिकवायच्या, त्यांनी वाचून अर्थ सांगितला. कंत्राटदाराला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, खाली स्प्रिंकलर आहेत की. वर परत कशाला?" मला ते पटलं, आणि तीन आठवडे मी हेच कार्यालयात सांगत राहिलो.

पहिल्या खेपेला उत्तर मिळालं, नकाशा जोडा. जोडला. दुसऱ्या खेपेला, हा प्लॅन आहे, सेक्शन हवा, म्हणजे इमारतीचा उभा छेद दाखवणारा नकाशा. हे पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत होती? सेक्शन काढून घेऊन गेलो तर साहेब अधिवेशनाच्या बंदोबस्ताला. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या इमारतीत, अधिवेशन असलं की निम्मं गाव तिकडेच असतं, ते मी समजू शकतो. पण खिडकीवरचा माणूस फाईल न उघडताच "नाळे बर्री" म्हणायचा, ते नाही समजू शकत. असे पाच 'उद्या' मी मोजले.

मग फाईल परत आली, कारण दोन कागदांवर दोन मापं होती. कंत्राटदाराने हॉलच्या फॉल्स सीलिंगवरची पोकळी ५५० मिलिमीटर लिहिली होती, सेक्शनमध्ये ती ९५० होती. त्याने टेप बीमच्या तळाला लावला होता, आर्किटेक्टने स्लॅबच्या तळाला. बीम ४०० चा, म्हणजे सगळा फरक तिथेच. मला हिंदवाडीतल्या एका निवृत्त इंजिनिअर मामांनी राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ चा भाग ४ उघडून दाखवला : फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी ८०० मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर त्या पोकळीतही स्प्रिंकलर हवेत. म्हणजे सगळं भांडण या एका मापाचं होतं आणि शेऱ्यात त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. अक्कांनी त्याच संध्याकाळी कन्नडमध्ये पत्र लिहून दिलं : कलम कुठलं आणि जागा कुठली, ते लेखी कळवा. हे पत्र पहिल्याच दिवशी द्यायला हवं होतं. आठवड्यात उत्तर आलं : हॉल आणि पहिल्या मजल्याची लॉबी.

लॉबीचं सीलिंग उघडलं तेव्हा मी शिडीवर होतो. आत सेंटरिंगच्या प्लायवूडचे तुकडे, थर्माकोल, पुठ्ठ्याची खोकी, आणि त्यांच्यावरून गेलेल्या वायरीचा टेप गुंडाळलेला, काळा पडलेला जॉइंट. हात थरथरला. खालच्या स्प्रिंकलरचा लाल काचेचा बल्ब ६८ अंशांना फुटतो आणि पाणी सुटतं, पण ती उष्णता त्या बल्बपर्यंत पोचायला हवी. वर आग लागली असती तर सीलिंग खाली येईपर्यंत त्या बल्बला पत्ताही लागला नसता, आणि आग आतल्या आत लॉबीच्या दुसऱ्या टोकाला, जिन्यापर्यंत गेली असती. त्याच लॉबीत आमची पोरं सायकल चालवतात. शेरा बरोबर होता, हे मी त्या शिडीवर मान्य केलं. तो लिहिण्याची पद्धत मात्र मला आजही मान्य नाही.

हॉलचं सीलिंग २०० मिलिमीटर वर घेतलं. पोकळी ७५० झाली, हॉलही मोकळा वाटायला लागला. खाली येणारे पाइप तेवढे कापून घ्यावे लागले. लॉबीत वरच्या बाथरूमचे पाइप आडवे आलेले, तिथे सीलिंग हलवणं शक्य नव्हतं. म्हणून आत वर तोंड केलेले चौदा स्प्रिंकलर बसवले. पाइपांचे आटे उद्यमबागेत पाडून आणले, दोन दिवसांचं काम.

आता आठवलं म्हणून सांगतो, सीलिंग बंद करायच्या आधी पाइपात प्रेशर धरून बघा. आम्ही घाईने बोर्ड लावले आणि एका जोडातून पाणी झिरपलं, दोन बोर्ड वाया गेले. रंगाऱ्यावर तर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. आमच्या हॉलमध्ये तीन स्प्रिंकलरवर पांढरा हात फिरला होता. रंग लागलेला स्प्रिंकलर घासून पुसून चालत नाही, तो बदलायचाच. आणि पोकळीत डोकावता येईल अशी झडप प्रत्येक लॉबीत ठेवा, तपासणीच्या दिवशी सीलिंग फोडायची वेळ येत नाही. मोजताना टेप स्लॅबला लावा, फोटोत आकडा दिसू द्या.

शेवटच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी झडप उघडून टॉर्च मारला, सेक्शनवरचं माप बघितलं आणि सही केली. दहा मिनिटं लागली. अनगोळच्या एका अपार्टमेंटला परवा असाच शेरा आला आहे. आमच्या सेक्शनची प्रत आणि अक्कांचं पत्र मी काल त्यांना नेऊन दिलं.